दाबके यांच्या यादीत बसणारी माणसं

मोरेश्वर दाबके यांनी एकदा सव्वाशे किलो वजनाच्या माणसाच्या हातातून अर्धा समोसा परत घेतला होता.

जागा अमिरातीतल्या उम्म अल कुवैनच्या मैदानाबाहेरचं पार्किंग. सराव नुकताच संपला होता. दाबके गाडीच्या बॉनेटवर कागदाची पुडी उघडून उभे होते आणि पुडीत चार समोसे होते. तोमासी नावाचा फिजी बेटांवरचा खेळाडू आला, हसला, एक समोसा उचलून त्याने अर्धा तोंडात टाकला. दाबके इंग्रजीत म्हणाले, "मिस्टर तोमासी, पन्नास फिल्स." तोमासीच्या चड्डीला खिसा नव्हता. दाबके यांनी तळहात पुढे केला. तोमासीने उरलेला अर्धा समोसा त्यावर ठेवला. दाबके यांनी तो टिश्यूत गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि पोटात गेलेल्या अर्ध्याचे पंचवीस फिल्स, म्हणजे पाव दिरहम, वहीत लिहिले.

हे मी समोर उभा राहून पाहिलं आहे. नंतर विचारलं तेव्हा दाबके म्हणाले, "समोशाचा प्रश्न नाही हो साठे. आज समोसा, उद्या टोयोटा."

दाबके यांचं वय अठ्ठावन्न, मूळ गाव मिरज. शारजात अल नहदाला आमच्याच इमारतीत अकराव्या मजल्यावर राहतात, मी नवव्या. एअर कंडिशनिंगचे पत्र्याचे डक्ट बनवणाऱ्या कंपनीत ते पगार विभागाचे प्रमुख आहेत. विभागात ते एकटेच आहेत. कंपनीचे मालक नबील हे लेबनीज. त्यांचं तारुण्य ऑस्ट्रेलियात गेलं आणि तिथून ते दोन गोष्टी घेऊन आले: पत्रा वाकवण्याचं ज्ञान आणि रग्बी लीगचं वेड. पहिल्या गोष्टीतून मिळालेला पैसा ते दुसरीत घालवतात. त्यांच्या क्लबचं नाव फ्लेमिंगो. पक्षी गुलाबी असल्यामुळे जर्सीही गुलाबी आहे, आणि ती घातलेल्या माणसांना त्याबद्दल कोणी काही बोलत नाही.

रग्बी लीग हा तेरा-तेरा माणसांचा खेळ. लंबगोल चेंडू पोटाशी धरून समोरच्या भिंतीत शिरायचं. भिंत माणसांची असते. सहा वेळा आडवं होईपर्यंत चेंडू आपला, मग त्यांचा. दाबके यांनी हा खेळ सात वर्षांत एकदाही सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलेला नाही. मैदानात कोणी पडला की ते आधी नाव विचारतात आणि नंतर त्याचं मानधन आठवतात.

त्यांचा संबंध आहे तो कॅपशी. सात वर्षांपूर्वी दुबई मरीनाच्या क्लबने एका हंगामात सगळे चांगले खेळाडू विकत घेतले आणि उरलेल्या चार क्लबांना शाळेतल्या मुलांसारखं बदडलं. मग लीगने नियम केला. एका क्लबने एका हंगामात सगळ्या खेळाडूंवर मिळून एक लाख ऐंशी हजार दिरहमच्या वर खर्च करायचा नाही. ही मर्यादा म्हणजे कॅप. दाबके हा आकडा उच्चारतात आणि लगेच तेवीसने गुणतात: एक्केचाळीस लाख चाळीस हजार रुपये. रुपयाचा दर काहीही असो, ते तेवीसनेच गुणतात. नबील यांना हे कॅपचं प्रकरण समजेना. पगाराचं काम करतो तोच हेही करील, असं म्हणून त्यांनी नियमावली दाबके यांच्या टेबलावर ठेवली. यल्ला, म्हणजे चला, असं म्हणाले आणि निघून गेले.

नियमावली एकसष्ट पानांची आहे. खेळाडूला क्लबकडून, पुरस्कर्त्याकडून किंवा क्लबशी संबंध असलेल्या कोणाकडूनही जे मिळतं ते सगळं कॅपमध्ये मोजलं जातं. मानधन, पेट्रोल, खोलीचं भाडं, मोबाइलचं बिल, जेवण. देऊ केलेलं, कबूल केलेलं, आडून सुचवलेलं, तेही दिलेलं धरलं जातं. इतर क्लबांचे व्यवस्थापक ही पानं वाचत नाहीत. दाबके यांना ती पाठ आहेत. एका खेळाडूचा पुढचा दात सामन्यात पडला तेव्हा दाबके संघातल्या दोन बँक अधिकाऱ्यांना आणि एका पंचाला घेऊन पाऊण तास गवतात शोधत होते. पडलेला दात परत बसवला तर तो वैद्यकीय खर्च, त्याला सूट आहे. नवा बसवला तर लाभ. दात सापडला. दाबके यांनी तो कपभर दुधात घालून स्वतः दवाखान्यात नेला आणि दुधाचा दीड दिरहम खेळाडूकडून घेतला.

त्यांचा परवलीचा प्रश्न एकच: "बसतंय का?" आणि त्यांचा निकालही एकच, "बसत नाही."

अशी सवय माणसाला ऑफिसात ठेवून घरी येता येत नाही. दाबके यांच्या घरी गणपती असतो, दीड दिवसाचा. हॉल मोजून त्यांनी ठरवलं आहे की आरतीला अडतीस माणसं बसतात. यादी होते. यादीबाहेरचे राखीव. मागच्या वर्षी आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी वीस मिनिटं उशिरा आले. दाबके यांनी त्यांना दारातच सांगितलं, "तुमची जागा गेली. कुलकर्णी निघाले की आत या." कुलकर्णी दुसऱ्या मोदकावर होते आणि निघायचं नाव घेत नव्हते. सेक्रेटरी अकरा मिनिटं चपलांच्या शेजारी उभे राहिले. मंगलावहिनींनी, म्हणजे दाबके यांच्या पत्नीने, त्यांना तिथेच प्रसाद नेऊन दिला. दाबके यांनी तो पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं. वहिनींना कॅप लागू नाही, हे त्या घरातलं एकमेव अलिखित कलम.

वहिनींचा भाऊ तीन आठवडे दुबई बघायला येणार होता. दाबके यांनी हिशोब मांडून बारा दिवस मंजूर केले. भाऊ बारा दिवसांनी गेला आणि आता तो सिंगापूरला जातो. त्यांची मुलगी ऋजुता बंगलोरला नोकरी करते. तिचा रविवारी फोन येतो, बहुतेक वहिनींना. माझी मुलगी गार्गी नऊ वर्षांची आहे. लिफ्टमध्ये दाबके यांनी तिला एकदा विचारलं, या लिफ्टमध्ये किती माणसं बसतात ते कुठे लिहिलंय सांग. घरी आल्यावर ती मला म्हणाली, "बाबा, इज दाबके अंकल लाइक अ पोलिसमन?"

हे सगळं गमतीचं होतं, कारण त्यात कोणाचं काही जात नव्हतं. तोमासीचं जात होतं.

तोमासी छत्तीस वर्षांचा. फ्लेमिंगोच्या पुढच्या फळीत खेळतो, मानधन हंगामाला नऊ हजार. त्याचं काम भिंतीत पहिल्यांदा शिरायचं आणि इतरांना वाट करून द्यायची. उजवा गुडघा दोनदा उघडून शिवलेला. एरवी तो नबील यांच्याच कंपनीत स्टोअरला हेल्पर आहे, पगार दोन हजार सहाशे. त्याची बायको आणि मुलगी फिजीला. कुटुंबाला इथे आणायचं तर पगार चार हजारांच्या वर लागतो. हे इथल्या प्रत्येक नोकरदाराला माहीत असतं, जसं गावाकडे प्रत्येकाला एसटीची वेळ माहीत असते. तोमासीने दोन वर्षं लागोपाठ पगारवाढीचा अर्ज केला. दाबके यांनी दोन्ही वेळा तो परत केला. बसत नाही.

त्यात चूक काही नव्हती. खेळाडू पुरस्कर्त्याच्या कंपनीत नोकरी करत असेल तर त्याला दिलेली वाढ म्हणजे मागच्या दाराने दिलेलं मानधन, असं नियमावली म्हणते. महिन्याला सोळाशे, वर्षाला एकोणीस हजार दोनशे, सगळे कॅपमध्ये. फ्लेमिंगोकडे तेवढी जागा कधीच नव्हती. वरून कॅप, खालून व्हिसा, आणि मधल्या जागेत सव्वाशे किलोचा माणूस. क्लबमध्ये मात्र सगळे एवढंच म्हणत की दाबके म्हणजे दगड. अर्ध्या समोशाची गोष्ट तिथेही पोहोचली होती.

या वर्षी मरीनाच्या क्लबने आपला एक किकर, म्हणजे लाथेने गुण मिळवणारा खेळाडू, सोडला. नबील यांना तो हवा होता. किंमत नऊ हजार. यादी एक लाख ऐंशी हजारांवर काठोकाठ भरलेली, म्हणजे कोणीतरी बाहेर जायला हवा. नबील यांनी आणि संघाने तो कोण हे ठरवूनही टाकलं होतं. क्रेग नावाचा हा इंग्रज खेळाडू एरवी एका शाळेत पीटी शिकवतो. वय चोवीस, मानधन साडेनऊ हजार, मागच्या हंगामात एकूण खेळ अकरा मिनिटं. तीन सरावांपैकी एकाच्या वेळी तो हमखास बीचवर असतो. नबील यांनी फोनवर सांगितलं, क्रेग खलास, यादी पाठवून द्या. दाबके म्हणाले, यादी करण्याचा अधिकार तुम्ही मला लेखी दिला आहे. नबील म्हणाले, तेच तर, क्रेगला काढणं कोणालाही जमेल. दाबके यांनी हो किंवा नाही काहीच म्हटलं नाही.

शेवटची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचची होती. दाबके यांच्या गाडीचा एसी बंद पडला होता. डक्टच्या कंपनीतल्या माणसाला हे फारसं शोभत नव्हतं, म्हणून त्यांनी गाडी गुपचूप गॅरेजला टाकली आणि मला विचारलं, उम्म अल कुवैनपर्यंत सोडाल का? मला सुटी होती. वाटेत त्यांनी पेट्रोलचे वीस दिरहम डॅशबोर्डवर ठेवले. मी नको म्हणालो. ते म्हणाले, "तुम्हाला कॅप नाही, मला आहे."

चार वाजून चाळीस मिनिटांनी, मैदानाच्या पार्किंगमध्ये, त्यांनी फोनवरून यादी लीगला पाठवली आणि तीच संघाच्या ग्रुपवर टाकली. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो होतो. काय झालं हे मला दोन मिनिटांनी समजलं, कारण मैदानावरचा आवाज बंद झाला. यादीत क्रेग होता. तोमासी नव्हता.

क्रेग स्वतः सर्वांत आधी आला. तो फार चांगला मुलगा आहे. काहीतरी चूक झाली असणार, माझं नाव चुकून राहिलंय, असं तो म्हणाला. दाबके म्हणाले, चूक नाही. मग आणखी चार-पाच जण आले. एकाने, मरीनावाल्यांनीही असं केलं नसतं, असं सुनावलं. दुसऱ्याने माझ्या गाडीवरच्या धुळीत बोटाने एक इंग्रजी शब्द लिहिला. गाडी माझी आहे हे त्याला माहीत नसावं. नबील यांचा फोन सतत वाजत होता आणि दाबके तो सतत बंद करत होते.

शेवटी तोमासी आला. गुलाबी जर्सी अजून अंगात होती. तो ओरडला नाही. दाबके यांच्यापुढे उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "मी काय केलं, सर?"

दाबके यांनी घड्याळात पाहिलं. "पाच वाजेपर्यंत थांबा."

"का?"

"पाच वाजेपर्यंत मला तुमच्याशी बोलता येत नाही."

घड्याळात चार वाजून एकोणपन्नास मिनिटं झाली होती. त्यानंतरची अकरा मिनिटं मी मोजली आहेत. एक साडेपाच फुटी, चष्मा लावलेला, शर्ट आत खोचलेला माणूस आणि त्याच्यासमोर त्याच्या दुप्पट रुंदीचा, ज्याला त्याने नुकतंच काढून टाकलं आहे असा माणूस, हातभर अंतरावर उभे होते. बाकीचे कडं करून उभे. तोमासीने एकदा गुडघा झटकला. कोणीतरी, हबीबी, सोड, चल, असं त्याला म्हणालं. तो हलला नाही. मला खरं सांगायचं तर दाबके यांच्या दातांची काळजी वाटली.

पाच वाजले. दाबके यांनी आणखी एक मिनिट जाऊ दिलं. लीगच्या घड्याळाचा भरवसा नाही, असं त्यांनी नंतर सांगितलं. मग त्यांनी बॅगेतून एक कागद काढला, माझ्या गाडीच्या बॉनेटवर ठेवला, त्यावर सही केली, तारखेखाली वेळही लिहिली आणि तो तोमासीच्या हातात दिला.

"आता तुम्ही खेळाडू नाही," ते म्हणाले. "आता कंपनी तुम्हाला काय देते ते कोणी विचारणार नाही."

कागद स्टोअर सुपरवायझरच्या नेमणुकीचा होता. पगार चार हजार दोनशे. नबील यांची संमती त्यांनी आठवड्यापूर्वी एका ओळीत घेतली होती: सुपरवायझरची जागा रिकामी आहे, भरू का? नबील यांनी यल्ला एवढंच कळवलं. कोणाला घेणार, हे विचारलं नाही.

तोमासीने कागद दोनदा वाचला. तिसऱ्यांदा फक्त आकडा वाचला. मग जे झालं ते मला अपेक्षित नव्हतं. तो चिडला.

"मला अजून एक सीझन खेळायचं होतं," तो म्हणाला. "तुम्ही मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर ते देऊ केल्यासारखं झालं असतं. कलम एकोणीस." दाबके यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पगाराची चूक समजावून सांगतानाचा. "आणि विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, एकच सीझन. मीही तसंच म्हणायचो. मी इथे आलो तेव्हा माझा पगार व्हिसाच्या आकड्याला तीनशे दिरहम कमी होता. मग माझा वाढला तर आकडा वाढला. दरवर्षी म्हणायचो, पुढच्या वर्षी बसेल. माझी मुलगी आली तेव्हा सोळा वर्षांची होती. एअरपोर्टवर तिने माझ्याशी शेकहँड केला."

क्रेग जमिनीकडे पाहत होता.

"तुमची किती वर्षांची?" दाबके यांनी विचारलं.

"सहा."

"मग आत्ता अर्ज टाका. शनिवार-रविवार सुटी असते. सोमवारी सकाळी आठला माझ्याकडे या. लग्नाचा दाखला अटेस्ट करून लागेल, मुलीचा जन्माचाही."

तोमासीने कागदाची घडी घातली. कुठे ठेवावी ते त्याला समजेना, म्हणून हातातच धरली. तो मैदानाकडे बघत बराच वेळ उभा राहिला. थँक यू म्हणाला नाही. जाताना त्याने दाबके यांच्या खांद्यावर एक हात ठेवला. दाबके त्या वजनाने किंचित खाली गेले आणि परत वर आले.

परत येताना दाबके यांनी फोन उघडून नबील यांचे सतरा मिस्ड कॉल पाहिले आणि फोन पुन्हा खिशात ठेवला. शारजाच्या हद्दीत नेहमीचा ट्रॅफिक लागला. गाड्या हातभर सरकत होत्या आणि थांबत होत्या. उजवीकडे मावळतीचं ऊन इमारतींच्या काचांवर होतं, म्हणून त्यांनी वरची पट्टी खाली ओढली.

"साठे," ते म्हणाले, "सहा वर्षांच्या मुलीला काय आवडतं हो?"

मी गार्गी सहाची असतानाचं सांगितलं. तिला तेव्हा फक्त स्टिकर आवडायचे. फ्रिजला, दाराला, माझ्या लॅपटॉपला, झोपलेल्या माणसाच्या कपाळाला. एकदा मी तसाच ऑफिसला गेलो होतो.

दाबके हसले नाहीत. लक्ष देऊन ऐकत होते.

"आणि सातव्या वर्षी?"

सातव्या वर्षी दात पडत होते. ते ती उशाखाली ठेवायची आणि सकाळी आम्हाला जाब विचारायची. सायकल शिकली. माझा हात सोडायला तयार नसायची, मग एक दिवस मीच सोडला.

"आणि आठव्या?"

आठव्या वर्षी तिने खोलीच्या दारावर पाटी लावली, दार वाजवून आत या. मी सांगत होतो, ते पुढचं वर्ष विचारत होते. पुढची गाडी सरकली, मीही सरकलो. नवव्याचंही सांगून झालं.

"आणि दहाव्या?" दाबके यांनी विचारलं.

गार्गी नऊ वर्षांची आहे. त्यापुढचं मला माहीत नव्हतं.